एकशे एकावा फॉर्म

माझ्या नाकाला आता हळदीचा वास येत नाही. कांडप मशीनसमोर वर्षानुवर्षं उभं राहिलं की नाक असंच होतं म्हणतात. लोक दारातूनच म्हणतात, "काय घमघमाट सुटलाय गं संगे," आणि मी मान हलवते. ओढणी पिवळी, नखं पिवळी, पापण्यांवरसुद्धा पिवळी भुकटी बसलेली असते, पण वास नाही. डॉक्टरला दाखव म्हणतात. दाखवून काय करू? दुखत तर काहीच नाही.

तरी हंगाम आला हे कळतं. होळीच्या आगेमागे सकाळी शिवारात ठिकठिकाणी पांढरी वाफ दिसायला लागते. हळद शिजवायचा कुकर एका रानातून दुसऱ्या रानात फिरत असतो. मोठमोठे ड्रम, खाली जाळ, भोवती तोंडाला फडकी बांधलेल्या बाया. शिजलेल्या हळकुंडात काडी घालून बघायची, आरपार गेली की ड्रम उलटा. मग ती हळद पंधरा-वीस दिवस उन्हात पडून राहते. वाळली की पॉलिशच्या ड्रममध्ये खडखड फिरते आणि पोती हिंगोलीला नाहीतर वसमतला जातात. आमचं साखरा तसं कोरडवाहू गाव, ज्याच्या विहिरीला पाणी तोच हळद करतो. पण हळद नाही असं घर गावात सापडायचं नाही, कारण वाळलेली हळद गोळा करायला गेलेली बाई येताना ओंजळभर हळकुंडं पदरात बांधून आणतेच, आणि मालकही बघून न बघितल्यासारखं करतो. हे मला शिकायला गेले तेव्हाही माहीत होतं.

मी शिकले नांदेडला. स्वतःचा धंदा काढणाऱ्यांसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. बी.कॉम. झालं, नोकरी कुठं दिसत नव्हती, कॉलेजच्या फळ्यावर जाहिरात चिकटवलेली होती, भरला फॉर्म. गावात पारावर सगळ्यांना एकच प्रश्न. "धंदा शिकायला कालेज असतंय व्हय? बाजारात भाजी इकून राहिलेल्या बायांनी कोणती परीक्षा देली?" मी तेव्हा तडकायचे. आता तोच प्रश्न कोणी विचारला तर मी म्हणते, असतंय बाबा, आणि मशीन सुरू करते.

माझा बाप मी दहावीत असताना वारला. त्यानंतर घर मायनं शेळ्यांवर चालवलं. नऊ शेळ्या आणि दोन एकर कोरडं रान. माय कमी बोलते आणि तोंडावर बोलते. तिला न्हाई म्हणायचं असलं तर ती 'बघू' म्हणत नाही, 'पुढल्या बाजारी' म्हणत नाही, सरळ न्हाई म्हणते. त्यामुळं गावात तिला फटकळ समजतात. नांदेडला जाऊ का विचारलं तेव्हा ती हरणी नावाच्या शेळीच्या खुरातला काटा काढत होती. "जा," म्हणाली. ती जा म्हणाली म्हणजे जाच, त्यात दुसरं काही शोधायचं काम नव्हतं.

कॉलेजात आमचे गाईड सर रोज सकाळी फळ्यावर मधोमध 'ग्राहक' असं लिहायचे. तास संपला की स्वतःच पुसायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचे. "तुम्हाला काय विकायचंय ते मला सांगू नका," म्हणायचे, "कोण विकत घेईल ते सांगा." पंख्याला वारा नसायचा. वहीच्या पानावर घामाचा हात चिकटायचा. खिडकीबाहेर गुलमोहराला नुकत्या कळ्या धरायला लागलेल्या, आणि आम्ही पंधरा-वीस जण आपापल्या न जन्मलेल्या धंद्यांना नावं ठेवत बसलेले. म्हणजे बारशातली नावं. एकाचं शेवयाचं यंत्र होतं, एकीचं ब्यूटी पार्लर. माझं काय, तर हळद. हिंगोलीची पोरगी दुसरं काय सांगणार? शुद्ध, गावरान, पाकिटबंद हळद पूड. मला फार मोठी कल्पना वाटली होती ती.

शेवटच्या सत्रात मार्केट सर्व्हे करायचा होता, शंभर फॉर्म भरून आणायचे. नेमका हळदीचाच हंगाम. मी एस.टी.नं सेनगावला उतरायचे, तिथून जीपनं साखऱ्याला. पिशवीत कोरे फॉर्म आणि स्टीलच्या डबीत नमुन्याची हळद. फॉर्मवर प्रश्न फार नव्हते. घरात माणसं किती, हळद महिन्याला किती लागते, आणि मुख्य प्रश्न हा की पाकिटात तयार हळद पूड मिळाली तर विकत घ्याल का? हो किंवा नाही. सगळ्यात खाली 'शेरा' म्हणून दोन रिकाम्या ओळी.

घरोघर एकच व्हायचं. मी ओट्यावर बसून डबी उघडायची. बाई हात पुसत बाहेर यायची, प्रश्न अर्धा ऐकायची, डबीत बोट बुडवून आधी स्वतःच्या कपाळाला लावायची, मग माझ्या. मग म्हणायची, "घेऊ की. हळदीला न्हाई कसं म्हणावं बाई?" दुपारपर्यंत माझ्या कपाळावर हळदीचा थर बसायचा. घामानं तो नाकावर उतरायचा. रस्त्यानं पोरं हसायची, लगीन लागलं का म्हणायची. शेजारच्या शबाना भाबींना हळदीकुंकवाचं काही नव्हतं, तर त्यांनी वेगळंच कारण काढलं. "तेरी हल्दी को मैं नको बोलूँ क्या? लिख, हौ." आणि चहा पाजला, वर खारी.

खोटं कोणीच बोललं नाही, हे मला आजही म्हणायचंय. सवाष्णीनं दारात आलेल्या हळदीला नाही म्हणायचं नसतं. डब्यातली हळद संपली तरी आमच्या बाया 'संपली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. मी याच घरांत वाढलेली, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण हातात फॉर्म आला की माणसाचं काय होतं कोण जाणे. मी प्रत्येक वेळी 'हो'पुढं खूण करत गेले आणि मला वाटलं, बाजार सापडला.

शंभर भरून झाले, एक फॉर्म जास्तीचा उरला होता. माय लिंबाखाली शेळ्यांपुढं पाला टाकत होती. म्हटलं, हिचाही भरू. सगळ्यांच्या पुढं मी डबी धरली होती, तिच्यापुढं धरली नाही. बाप गेल्यापासून तिच्यापुढं कोणी हळदीचा करंडा धरलेला नव्हता, आणि माझाही हात आपोआपच मागं राहिला. लांबूनच झाकण उघडून दाखवलं. तिनं लांबूनच वास घेतला.

"वास बराबर हाय," म्हणाली. "पर इकत कोण घेईल गं? घरोघर हाय."

"तसं न्हाई माय, हो किंवा न्हाई सांग."

"मंग न्हाई."

"शेरा काय लिहू?"

"त्ये काय असतंय?"

"आणखी काही सांगायचं असलं तर."

ती थोडा वेळ पाला तोडत राहिली. मग काहीतरी बोलली, मी लिहून घेतलं. चुलीवर चहा उतू चालला होता म्हणून घाईनं उठले. त्यानंतर तो फॉर्म मी कधी वाचला नाही.

नांदेडला हॉस्टेलवर गठ्ठा मांडून बसले तेव्हा शंभर 'हो' निघाले आणि एक 'नाही'. तो एक 'नाही' कपड्यावर डाग पडावा तसा दिसत होता. सरांनी आधीच सांगितलं होतं, घरच्यांना, नातेवाइकांना धरू नका, ती माणसं खरं सांगत नाहीत. नियम बराबर होता. पण त्या शंभरात माझी चुलती होती, दोन आत्या होत्या, मावशी होती, अर्धं साखरा कुठून ना कुठून माझ्या नात्यातच निघतं. तो नियम मी एकाच फॉर्मला लावला. मायचा फॉर्म घडी घालून प्रोजेक्टच्या कव्हरमागं सारून दिला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं, "शंभरातून शंभर? एकाही बाईनं नकार दिला नाही?" मी म्हटलं, नाही सर. ते हसले, सर थोडे कमी हसले. माझा पहिला नंबर आला. हार घातलेला फोटो गावातल्या सगळ्या मोबाइलवर फिरला.

निकाल घेऊन घरी आले तर गोठा रिकामा. माय घरात नव्हती. शबाना भाबी म्हणाल्या, सकाळीच टेम्पो केला, जवळा बाजारला गई. दिवस कलता माय जीपमधून उतरली. हातात नऊ दावी होती, नीट गुंडाळलेली. ती तिनं खुंटीला अडकवली, पायावर पाणी घेतलं आणि म्हणाली, "आता मशीन बघ." मला तेव्हा काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. हरणी कोणाला गेली एवढंसुद्धा मी विचारलं नाही.

मशीन आलं, पाकिटं छापली, हळद भरली. पहिल्याच फेरीत शंभरही घरांनी पाकीट घेतलं. कोणी नाही म्हटलं नाही, म्हणणारच नव्हतं. पाकीट देव्हाऱ्यापुढं ठेवायचं, मला हळदकुंकू लावायचं आणि माझ्या पिशवीत काहीतरी घालायचं. कोणी शेरभर ज्वारी, कोणी नारळ, कोणी शेवग्याच्या शेंगा, एकीनं तर खण घातला, लगीन जमल्यावर शिव म्हणाली. गावच्या लेकीनं आणलेल्या हळदीला पैसे कसे द्यायचे? मी पैसे मागितले असते तर त्यांनाच लाज वाटली असती, माझ्यासाठी. पिशवी जड झाली, खांदा दुखला आणि मी घरी येऊन ज्वारी निवडत बसले. दुसऱ्या फेरीला बाया म्हणाल्या, पुढल्या बाजारी घेऊ. तिसऱ्या फेरीला त्या आत कामात होत्या. सेनगावचे दुकानदार 'ठेवून जा' म्हणाले, मी ठेवून आले, आणि उन्हानं काचेमागं पाकिटातली हळद फिकी पडत गेली.

रडू वगैरे काही आलं नाही. जेवायचे, झोपायचे, बंद मशीनवरची धूळ पुसायचे. सणाला गोड केलं काय आणि भाकरी केली काय, तोंडात सारखंच लागायचं. कोणी टोमणा मारला तरी तो माझ्यापर्यंत पोचायचा नाही. दोन वर्षं अशी गेली. तिशीकडं चालले होते. स्थळं यायची, बघून जायची. ती का थांबली तेही मला आठवत नाही.

मायचं वेगळंच झालं होतं. शेळ्या होत्या तेव्हा ती दिवसभर त्यांच्याशी बोलायची, शिव्या घालायची, एकेकीला नावानं हाक मारायची. शेळ्या गेल्या आणि तिचं बोलणंच गेलं. मांडीवर हात ठेवून बसून राहायची. रानातून येताना मात्र काखेत सुबाभळीचा पाला असायचाच. हात आपोआप तोडत असणार. गोठ्याच्या दाराशी आली की तिच्या ध्यानात यायचं, क्षणभर थांबायची आणि तिथंच टाकून घरात यायची. मी चिडायचे. "माय, कोणासाठी आणून राहिलीस?" ती म्हणायची, "व्हय गं." दुसऱ्या दिवशी पुन्हा पाला. तो गोठ्यात वाळायचा, मी झाडून काढायचे. अजूनही काढते.

मग एकदा सेनगावच्या जीपमध्ये एक म्हातारी शेजारी बसली, मांडीवर हळकुंडाची पिशवी धरून. पिठाचा गिरणीवाला हळद दळून देत नाही, पुढच्याच्या पिठाला पिवळं लागतं म्हणून. एवढीशी हळद कुटून आणायला बाई अख्खा दिवस मोडून सेनगावला चालली होती. मी तिच्या पिशवीकडं बघत राहिले. पाकिटं फेकून दिली, दारावर पाटी लावली, हळद-मिरची कांडून मिळेल. दुसऱ्या दिवशी चार बाया आल्या, आठवड्यात रांग लागली. त्याच बाया. कांडपाचे पैसे द्यायला त्यांना काही वाटत नाही, मीच कधी कमी सांगितले तर भांडतात. चालतंय. बंगला झाला नाही, पण मशीन बंद पडलेलं नाही.

या कांडपामुळं कॉलेजात दरवर्षी मला बोलावतात. परीक्षेच्या आधी, नव्या पोरांना अनुभव सांगायला. मी सांगते आधी कशी चुकले, मग जीपमध्ये मला कसं सुचलं. 'मला सुचलं' इथं मी थोडी थांबते, पोरं लिहून घेतात. परत येताना एस.टी.त खिडकीशी बसते. सगळ्या शिवारात वाफ दिसत असते आणि मला त्याचं काही वाटत नाही.

यंदाही सरांचा फोन आला. म्हणाले, "संगीता, या वेळी येताना तुमचे मूळ फॉर्म आणा. पोरांना दाखवू, नकार नसलेला सर्व्हे कसा दिसतो ते." मी लोखंडी पेटी उघडली. गठ्ठा तसाच होता, सुतळीत बांधलेला. काही फॉर्मवर हळदीच्या बोटांचे ठसे, अजून पिवळे. कव्हर वाकवलं तर मागून घडी घातलेला कागद खाली पडला.

शेऱ्याच्या दोन ओळी माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत होत्या. मायचं बोलणं मी शहाण्या भाषेत नीटनेटकं करून लिहिलं होतं. 'हळद घरोघरी आहे. दळायची तकलीफ आहे, गिरणीवाला घेत नाही, सेनगावला जावं लागतं. पोरीनं दळून दिली तर लोक येतील.'

मी ते दोनदा वाचलं. मग पेटीवर बसून राहिले. सहा वर्षं पोरांपुढं थांबून थांबून सांगितलेलं 'मला सुचलं' आठवलं आणि मला लाज वाटली. कानशिलं गरम होईपर्यंत लाज. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी वाटलं होतं, ते हे.

माय अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. तिला वाचता येत नाही. मी समोर बसून फॉर्म वाचून दाखवला, सगळा, नावापासून.

"व्हय, म्हणले असंन," ती म्हणाली. सूप थांबलं नाही.

"माय, हा मी मोजलाच नव्हता. शंभरांचा मोजला आणि तुझा तेवढा काढून टाकला."

"बरं."

"बरं काय? तू न्हाई म्हणलीस. हे चालणार न्हाई, हे तुला ठाऊक व्हतं. मंग शेळ्या काहून इकल्यास?"

आता तिनं सूप खाली ठेवलं. डाळीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तू शेळ्या मागशील असं दिसून राहिलं व्हतं," ती म्हणाली. "मागितल्या असत्यास तर मला न्हाई म्हणावं लागलं असतं. म्हणून तू नांदेडाहून यायच्या आदीच जवळ्याला गेले."

रस्त्यावरून हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ अंगणात येऊन बसली, तिनं डाळीवर पदर धरला.

मी म्हटलं, "आता दोन शेळ्या आणू का? जवळ्याहूनच आणू."

"न्हाई."

"काहून?"

"गुडघे," ती म्हणाली. सूप पुन्हा हातात घेतलं.

तिनं न्हाई म्हटलं म्हणजे न्हाई. मी पुन्हा विचारलं नाही. गुरुवारी नांदेडला जायचंय. शंभरांचा गठ्ठा पेटीत परत ठेवला आणि तो एक फॉर्म तेवढा पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी दिवस कलता ती रानातून आली. काखेत सुबाभळीचा पाला होता. गोठ्याच्या दाराशी येऊन ती थांबली, नेहमीसारखी. मी मशीन बंद केलं, तिच्याजवळ गेले, पाला तिच्या काखेतून काढून घेतला आणि आत नेऊन दावणीत नीट पसरून ठेवला.